रक्ताला तारीख आठवत नाही

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकायला सध्या डॉक्टरीणबाईंनी मनाई केली आहे, तेव्हा हा नमस्कार ताठ उभं राहून, मनातल्या मनात वाकून केला आहे असं समजावं.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? तुमच्या नव्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली का, की अजून सामानाची पिशवी दोरीने चौथ्या मजल्यावर ओढता? इकडे आम्ही सगळे खुशाल. मॅनेजरही खुशाल. आठ महिन्यांपूर्वी तू त्याला आमच्याकडे ठेवून गेलीस तेव्हापेक्षा दोन किलो भरला आहे. तुमच्या इमारतीत कुत्री चालत नाहीत म्हणून तू रडत गेलीस, पण तो काही रडला नाही, हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं, आता सांगतो. कुत्र्याचं नाव मॅनेजर ठेवू नका, असं मी भावजींना पहिल्या दिवशीच म्हणालो होतो. तीस वर्षं ज्या हुद्द्याने छळलं त्याला रोज सकाळी ‘बस’ आणि ‘ऊठ’ म्हणण्याची हौस त्यांची, आणि निस्तरायचं आम्ही. ते कसं, ते पुढे येईलच. एकूण काळजीचं काही कारण नाही, हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचताना तुला काळजी वाटण्याचा संभव आहे.

आता मुद्द्यावर येतो. म्हणजे मुद्दा नेमका काय आहे हे गेल्या सहा आठवड्यांत मला कोणीही नीट सांगितलेलं नाही, त्यामुळे जसं घडलं तसं लिहितो. मुद्दा तुला सापडला तर कळव.

सुरुवात खिडकीच्या गजापासून झाली. एका रविवारी सकाळी दाढी करताना माझं लक्ष न्हाणीघराच्या खिडकीकडे गेलं, तर मधल्या गजाला कोपरासारखा बाक आलेला. मी बायकोला हाक मारून विचारलं, गज कोणी वाकवला? तिने पाहिलं आणि म्हणाली, सरळ आहे. मग मी सासूबाईंना बोलावलं. (त्या गेल्या वर्षापासून आमच्याकडेच असतात. वय अठ्ठ्याहत्तर. सुईत दोरा अजून स्वतः ओवतात आणि ओवून झाल्यावर आपल्याकडे बघतात.) त्यांनी गजाकडे न बघताच निकाल दिला, ‘गज ठीक आहे, जावईबापूंची मान वाकडी आहे.’ मी हट्टाने वेल्डरला बोलावलं. त्याने गजाला पट्टी लावली, खालून वर बघितलं, वरून खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि माझ्या बायकोला हळूच विचारलं, ‘साहेबांना ताप वगैरे आहे का?’ गंमत म्हणजे मला त्याची पट्टीही वाकडीच दिसत होती. पट्टी आणि गज एकमेकांना बरोब्बर जुळत होते. त्यावरून माझी खात्री पटली की वेल्डरची पट्टीसुद्धा खराब आहे.

ताई, तुझा भाऊ सत्तावीस वर्षं चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासतो आहे. माझ्या हातातून गेलेल्या काचांनी अर्ध्या शहराला अर्धं शहर दिसतं. अशा माणसाच्या मनात स्वतःच्या डोळ्याविषयी शंका येत नाही, जसं आचाऱ्याला वाटत नाही की आपल्याला चव कळत नाही. मी नंबर बदलला असेल म्हणून स्वतःचा चष्मा एका आठवड्यात चार वेळा बदलला. दुकानात एका दिवसात चौदा भिंगं ‘काचेत लहर आहे’ म्हणून बाजूला काढली. (शेजारच्या यंत्रावरचा माझा जोडीदार म्हणाला, माल बदलला वाटतं. मी म्हणालो, माल नाही, जमाना बदलला. त्या वाक्याची आता लाज वाटते.) शेवटी एकदा काचेची धूळ उजव्या डोळ्यात गेली म्हणून तो मिटून बसलो, तर समोरचं सगळं जग एकदम ताठ झालं. खिडकी सरळ, टेबल सरळ, जोडीदाराचं नाकही सरळ. मग धूळ निघाली, उजवा डोळा उघडला, डावा मिटला, आणि जोडीदाराच्या चेहऱ्याच्या मधोमध धुक्याचा एक डाग आला. तेव्हा मात्र मी यंत्र बंद केलं आणि पाणी प्यायलो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत आणि बोलताना माणसाशी न बोलता त्याच्या बुबुळाशी बोलतात. त्यांनी डाव्या डोळ्यात उजेड टाकला आणि ‘छान’ म्हणाल्या. उजव्यात टाकला, पुन्हा टाकला. मग खुर्ची मागे ओढून त्यांनी विचारलं, ‘घरात कुत्रं-मांजर आहे?’ मी ‘नाही’ म्हणालो, आणि त्याच क्षणी बायको ‘आहे’ म्हणाली. मी समजावून सांगितलं, की कुत्रं आहे, पण ते आमचं नाही, थोरल्या बहिणीचं आहे, आमच्याकडे फक्त राहतं. त्या म्हणाल्या, ‘जंताला हा फरक कळत नाही, काका.’

मग त्यांनी जे सांगितलं ते मला असं समजलं. (बायकोला वेगळं समजलं. तिचं बरोबर असणार.) कुत्र्या-मांजरांच्या आतड्यात लांब, गोल जंत असतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात आणि तिथे दोन-तीन आठवडे मुरली की बाधायला तयार होतात. ती माती हाताला लागते, हात तोंडाला लागतो, अंडं पोटात जातं. तिथे त्यातून अळी बाहेर येते आणि आजूबाजूला बघून गोंधळते, कारण ती निघालेली असते कुत्र्याकडे आणि पोचलेली असते माणसात. तिला इथे मोठं होता येत नाही, परतही जाता येत नाही. मग ती कचेरीत चुकीच्या मजल्यावर उतरलेल्या माणसासारखी हिंडत बसते. यकृतात डोकावते, तिथून पुढे जा म्हणतात. फुप्फुसात जाते, तिथेही कोणी विचारत नाही. आणि फिरता फिरता एखादी बिचारी डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत येऊन थांबते. मला तिची दया आली, आणि तसं मी बोललोही. बायको म्हणाली, ‘दया कुणाची यावी याला काही धरबंद आहे का तुम्हाला?’

तर माझ्या उजव्या डोळ्यात एक पांढुरका गोळा दिसतो, तो अशा अळीमुळे असावा, पण नक्की नाही, म्हणून रक्त तपासायचं ठरलं. मी हरखलो. रक्त तपासलं की दूध का दूध, पाणी का पाणी, अशी माझी समजूत. प्रयोगशाळेत रक्त घेणारा तरुण तंत्रज्ञ भला होता. (नाकावरचा चष्मा आमच्याच दुकानातला, मी ओळखला, उजवी काच मीच घासलेली.) तो म्हणाला, दोन तपासण्या आहेत. एका जातीच्या पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत का, ही एक. दुसरी या जंतासाठीची खास. मी दंडावर कापूस दाबून विचारलं, ‘जंत केवढा आहे ते कळेल ना?’

‘आम्ही जंत शोधत नाही, काका. तो तुमच्या रक्ताला कधी भेटला होता का, एवढंच बघतो. भेटला असेल तर शरीराने त्याच्याशी लढायची तयारी केलेली असते. ती तयारी रक्तात सापडते.’

‘मग रक्ताला विचारा ना, कधी भेटला.’

‘रक्ताला तारीख आठवत नाही,’ तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाला बाही वर करायला सांगितली.

त्याच्या या बोलण्याने माझं डोकं फिरलं. मी ठरवलं, सगळ्या घराचं रक्त तपासायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गरज नाही. पण मला गुन्हेगार हवा होता, आणि खरं सांगतो ताई, मला तो मॅनेजरच हवा होता. तो दुपारभर माझ्या बायकोच्या पायांवर झोपतो, तेव्हा तिच्या रक्तात तो पुरता सापडेल आणि मग मी तुला एक कडक पत्र लिहीन, असा माझा बेत होता. (हे ते पत्र नाही.) बायको तयार झाली, कारण तिच्या मते माझ्याशी आठवडाभर वाद घालण्यापेक्षा सुई कमी दुखते. सासूबाई तर पुढे होऊन तयार झाल्या. त्यांनी आठ महिन्यांत मॅनेजरला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिलेला नाही. त्या साबण वापरण्याआधी साबण धुतात. ‘होऊन जाऊ दे,’ म्हणाल्या, ‘या घरात कुणाचं रक्त स्वच्छ आहे ते एकदा कागदावर येऊ दे.’

राहता राहिला मॅनेजर. प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्याचं रक्त नको, विष्ठा आणा, ताजी, डबीत. आणि इथे भावजींचं नाव ठेवणं आम्हाला भोवलं. आमच्या दुकानात सहा महिन्यांपूर्वी नवे मॅनेजर आले आहेत. शिस्तीचे, कमी बोलणारे. त्या दिवशी मी यंत्रावर असताना बायकोने दुकानात फोन केला आणि काउंटरवरच्या मुलीने निरोप शब्दशः लिहून घेतला: ‘मॅनेजरला सकाळी साफ झाली. डबीत भरून ठेवली आहे. जंत वरून तरी दिसत नाहीत. वास सुटण्याआधी घेऊन जा.’ मुलगी नवीन. निरोप मॅनेजरविषयी आहे, तेव्हा मॅनेजरना कळायला हवा, असा विचार करून तिने तो कागद त्यांच्या टेबलावर, काचेखाली, त्यांना नीट वाचता येईल असा सरकवला.

त्यांनी मला बोलावलं. दार लावायला सांगितलं. कागद माझ्यापुढे केला आणि म्हणाले, ‘हे तुमच्या घरून आलं आहे. मी हे कसं समजावं?’ मी समजावायला सुरुवात केली. कुत्र्यापासून करायची, तर घाबरून भावजींपासून केली. भावजी, त्यांची नोकरी, त्यांचा मॅनेजर, मग कुत्रा, मग जंत, आणि एवढं बोलता बोलता तोंडातून डोळाही निसटला. तोवर दुकानात मी डोळ्याचं कोणाला कळू दिलं नव्हतं. मग त्यांनी माझी ती चौदा भिंगं मागवली आणि एकेक उजेडापुढे धरली. चौदाच्या चौदा निर्दोष होती. त्यांच्या तोंडून एक कडू शब्द निघाला असता तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, ‘डोळा बरा होईपर्यंत तुम्ही काउंटरवर बसा.’ मी दारापर्यंत गेलो, तर मागून हलक्या आवाजात म्हणाले, ‘आमच्याकडे मांजर आहे. त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता द्याल?’

तेव्हापासून काउंटरवर आहे. गिऱ्हाइकांना आरसा दाखवतो. काम वाईट नाही. लोक चष्मा घालून आरशात बघताना ओठ का आवळतात हे मला सत्तावीस वर्षांत माहीत नव्हतं, आता रोज बघतो. मागच्या खोलीत माझ्या यंत्रावर दुसरा माणूस बसतो. तो काच जरा घाईने उतरवतो, आवाजावरून कळतं. मी उठून सांगायला जात नाही.

आठ दिवसांनी तीन पाकिटं आली. मी ती टेबलावर मांडली आणि वडिलकीच्या नात्याने फोडली. बायको: काही नाही. कधीच भेट नाही. मॅनेजरचे केस जिच्या उशीत, गादीत, शालीत, तिचं रक्त त्याला ओळखतही नाही. मी: पांढऱ्या पेशी नेहमीएवढ्याच, आणि खास तपासणीचा आकडा जिथून ‘आहे’ म्हणतात त्या रेषेच्या किंचित खाली. म्हणजे नाही. सासूबाई: रेषेच्या तिप्पट वर. मी दोनदा वाचलं, मग डावा डोळा वापरून वाचलं. मॅनेजरचा कागद आधीच आला होता, त्याच्या डबीत एकही अंडं नव्हतं. म्हणजे बघ, डोळा बिघडला माझा, जंत भेटला सासूबाईंना, कुत्र्याला पायांवर घेऊन झोपणारी बायको सुटली, आणि ज्याच्यावर आरोप तो निर्दोष. सासूबाईंनी कागद माझ्या हातातून घेतला, चष्म्याशिवाय वाचला आणि एकच प्रश्न विचारला: ‘माझ्यात? कुत्र्याचं?’

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही डॉक्टरीणबाईंसमोर. सासूबाईंचं म्हणणं होतं की नळ्या बदलल्या. त्यांचं जावयाला गेलं आणि जावयाचं त्यांना आलं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, ‘आजी, बागकाम करता?’ आता आमच्या गच्चीवर त्यांच्या पुदिन्याच्या नऊ कुंड्या आहेत हे खरं. माती त्या हातानेच कालवतात हेही खरं. आणि येता-जाता एक पान खुडून तोंडात टाकायची त्यांना सवय आहे. साबण धुणारी बाई पुदिना धूत नाही! ‘घरचं आहे, त्याला काय धुवायचं?’ म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘गच्चीवर मांजरी येतात?’ येतात. तीन येतात. मऊ माती बघून कुंड्यांत काय करून जातात हेही सगळ्यांना माहीत आहे, फक्त त्याचा आणि रक्ताचा संबंध कोणी जोडला नव्हता. मी टुणकन उठलो. म्हणालो, ‘म्हणजे हे मांजरीचं आहे! कुत्र्याचं नाहीच!’ त्या म्हणाल्या, ‘मांजरीचा जंत वेगळा, कुत्र्याचा वेगळा, पण या तपासणीला दोघांतला फरक कळत नाही.’ मी बसलो.

‘बरं, मॅनेजर तर सुटला ना?’ मी विचारलं.

‘एका डबीत अंडी मिळाली नाहीत म्हणजे पोटात जंत नाहीतच, असं नाही. त्याला औषध द्या. वेळच्या वेळी देत राहा.’

‘आणि मी? माझं रक्त तर नाही म्हणतं.’

‘डोळ्यात एखादीच अळी असते. एकटीने रक्तात फार गवगवा होत नाही. कधीकधी रक्त नाही म्हणतं आणि डोळ्यात ती असते.’

‘म्हणजे आहे?’

‘असावी.’

‘आणि आईचं रक्त हो म्हणतं, तर तिला?’ हे बायकोने विचारलं.

‘त्यांना काही होत नाही ना? मग काही करायचं नाही. हात धुवा, पानं धुवा, कुंड्यांवर जाळी घाला.’

ताई, मी उभ्या आयुष्यात इतकी स्पष्ट उत्तरं ऐकली नाहीत आणि इतका गोंधळलोही नाही. मी बायकोकडे बघितलं, तिने मान डोलावली, म्हणजे तिला कळलं होतं. सासूबाईंनी मात्र चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कोणी विचारलं नसताना सांगायला लागल्या. त्या सात वर्षांच्या असताना त्यांनी कोळशाच्या खोलीत एक पिल्लू ठेवलं होतं. घरात कोणाला माहीत नव्हतं. एकाच ताटलीत दोघं दूध प्यायचे, आधी पिल्लू, मग त्या, कारण ते लहान होतं. अकरा दिवस. बाराव्या दिवशी वडिलांना कळलं. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. माझ्या बायकोने ही गोष्ट पन्नास वर्षांत ऐकली नव्हती, ती आईकडे बघतच राहिली. डॉक्टरीणबाई मऊ आवाजात म्हणाल्या, ‘आजी, रक्तातली ही तयारी काही वर्षं राहते. सत्तर वर्षं राहणं कठीण आहे. हे पुदिन्याचंच काम असणार.’ सासूबाई म्हणाल्या, ‘तुम्ही शिकलेल्या आहात. पण काय किती टिकतं, हे कळायला तुम्हाला अजून अवकाश आहे.’ आणि कागदाची बारीक घडी घालून त्यांनी तो आपल्या पाकिटात, किल्ल्यांच्या शेजारी ठेवला. अजून तिथेच आहे. मॅनेजरला स्वयंपाकघरात अजूनही प्रवेश नाही. फक्त उंबऱ्याशी आला की पूर्वी ‘हाड्’ म्हणायच्या, आता ‘जरा थांब’ म्हणतात.

तर असं आहे सगळं. माझ्यासाठी डोळ्यात घालायचे थेंब दिले आहेत, गोळ्या दिल्या आहेत. जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, एवढंच पथ्य. मॅनेजरने केलं असं कोणी म्हणत नाही. म्हणजे म्हणता येत नाही. मी सहा आठवडे म्हणत होतो, पण पुराव्याअभावी सोडून दिलं. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी माया आहेच, ती तुझ्या गुडघ्यांसारखी कुरकुर न करता अशीच राहो.

तुझा,
धाकट्या

ता. क. मॅनेजरला जंताची गोळी दिली. पहिली त्याने थुंकली, दुसरी मी बोटाने घशात ढकलली, ती बाहेर आली तेव्हा सोबत माझं बोटही जरा आलं. तिसरी सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं रोखून बघितल्यावर त्याने आपणहून गिळली.

दुसरा ता. क. वर थेंब आणि गोळ्या लिहिलं आहे ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. डोळ्यातल्या त्या पांढुरक्या गोळ्यापासून एक धागा निघाला आहे आणि तो डोळ्याचा पडदा ओढतो आहे. येत्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता डोळ्याच्या आत जाऊन तो कापणार आहेत. त्याच वेळी डोळ्यातलं थोडं पाणी काढून तपासायला पाठवणार. रक्ताला जे सांगता आलं नाही ते पाण्याला सांगता येईल म्हणतात. नजर किती परत येईल ते आधी सांगता येत नाही म्हणतात. बायकोला मी मंगळवारी नुसती तपासणी आहे असं सांगितलं आहे. ती घाबरली की मला तिला धीर द्यावा लागतो, आणि सध्या माझ्याकडे तो एकालाच पुरेल एवढा आहे.

तिसरा ता. क. हे खरं तर पहिल्या ओळीतच लिहायला हवं होतं. तू मंगळवारी येशील का? आत यायचं नाही. बाहेर बाक आहे, त्यावर बसायचं. काही बोलू नकोस. मी सहा वर्षांचा असताना तू मला दात काढायला नेलं होतंस, तेव्हाही तू काही बोलली नव्हतीस, नुसती माझी टोपी मांडीवर धरून बसली होतीस. तेवढंच.

*

ती. वन्संना नमस्कार,

इथून पुढचं अक्षर माझं आहे. वरचं पत्र काल ह्यांचा कोट धुवायला काढला तेव्हा आतल्या खिशात सापडलं. पाकीट चिकटवलेलं, तिकीट लावलेलं, टाकलेलं नाही. तुमच्या पत्त्याची प्रत्येक ओळ खाली उतरत गेली होती, म्हणून दुसरं पाकीट घालावं म्हणून फोडलं, आणि फोडल्यावर वाचलं. हे नाकारत नाही.

तो मंगळवार होऊन आज एकोणीस दिवस झाले. नुसती तपासणी नाही हे मला आधीच्या गुरुवारीच कळलं होतं. मंगळवारी सकाळी उपाशीपोटी यायला सांगा, असा दवाखान्यातून घरी फोन आला होता. मी ह्यांना काही बोलले नाही. माझंही त्याच रस्त्याला काम आहे असं सांगून सोबत गेले. आईला ठेवून जायचं होतं, पण ती आधीच चपला घालून दारात उभी होती.

शस्त्रक्रिया नीट झाली. डोळ्यातल्या पाण्याचा निकाल आला, तो ‘आहे’ असा आला. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा कोणीतरी सरळ हो म्हणालं, म्हणून आम्ही तिघं इतके खूश झालो की डॉक्टरीणबाईंना जरा विचित्रच वाटलं. कुत्र्याचा की मांजरीचा, ते त्यांनाही कळत नाही. नजर बरीच सुधारली आहे. सरळ रेघ आता थोडीच वाकते, तेवढी राहील म्हणतात. दुकानाच्या मॅनेजरनी येत्या महिन्यापासून अर्धा दिवस यंत्रावर बसायला सांगितलं आहे, भिंग शेवटी दुसरा माणूस तपासेल या अटीवर. ही अट ह्यांना लागेल असं मला वाटलं होतं. पण त्या दिवशी घरी आल्यावर ह्यांनी यंत्रावर बसायची तयारी म्हणून दोन तास नखं कापली, साफ केली, परत बघितली.

मंगळवार गेला म्हणून येऊ नका असं नाही. त्या दिवशी बाकावर आई होती आणि मी होते. पट्टी बांधून ह्यांना बाहेर आणलं, तेव्हा ह्यांनी उघड्या डोळ्याने आमच्याकडे बघितलं आणि मग बाकाच्या रिकाम्या टोकाकडे बघितलं. मला वाटलं, गुंगी असेल. काल पत्र वाचलं तेव्हा कळलं.

तेव्हा या. पत्र मिळालं असं म्हणू नका. कोटाबरोबर ते धुऊन गेलं असं ह्यांना वाटतं आहे. अचानक कशी आलीस असं विचारतील, तर मॅनेजरची आठवण आली म्हणून आले, असं सांगा. कुत्र्यासाठी आलात म्हणून राग येईल ह्यांना. पण तुम्ही आलेल्या असाल.